निदानाच्या कागदावर पुढचा पत्ताही हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

येत्या ३ जूनला जागतिक क्लबफूट दिन आहे. जन्मतः आत वळलेले पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ करण्याची पद्धत ज्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात घडवली, त्या डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी रुग्णालयांत कार्यक्रम होतील, बऱ्या झालेल्या मुलांची छायाचित्रे छापून येतील, आणि ती यायलाच हवीत. मला मात्र उपचार सुरू होण्यापूर्वीच्या काळाविषयी लिहायचे आहे. माझ्या मुलाचे उजवे पाऊल वाकडे आहे हे आम्हाला त्याच्या जन्माआधी जवळजवळ साडेचार महिने कळले होते; त्या साडेचार महिन्यांत आम्ही काय करावे आणि कोणाला भेटावे, हे सांगणारे मात्र कोणी भेटले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये, एकोणिसावा आठवडा सुरू असताना, ठाण्यातील एका केंद्रात मी बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी, म्हणजे सगळे जिला ॲनोमली स्कॅन म्हणतात ती, करून घेतली. तपासणाऱ्या डॉक्टरबाई बराच वेळ एकाच जागी थांबल्या, मला कुशीवर वळायला सांगितले, थोडे चालून, पाणी पिऊन यायला सांगितले आणि पुन्हा पाहिले. "बाकी सगळे व्यवस्थित आहे, एका पावलाबद्दल लिहिले आहे, ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा," एवढे त्या बोलल्या आणि पुढच्या बाईंचे नाव पुकारले गेले. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. त्यांनी अहवाल वाचून धीर दिला, "हे आजकाल बरे होते, जन्मानंतर बघू," असे सांगितले. त्यांचे म्हणणे खरे होते, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त "जन्मानंतर बघू" एवढेच ऐकू आले.

त्या चार दिवसांबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. ऐरोलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो लिफाफा कपाटावर ठेवलेला होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे पाहत होता. जवळच्या एका नातेवाइकांनी माझ्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितले की अजून वीस आठवडे पूर्ण झालेले नाहीत, हातात एक आठवडा आहे, विचार करा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्हाला जन्मभराचा त्रास होऊ नये, असेच त्यांना वाटत होते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितींत चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर त्यानंतरही परवानगी मिळू शकते. या कायद्याला माझा विरोध नाही. ज्या घरांवर खरोखर तशी वेळ येते त्यांना त्याचा आधार असला पाहिजे, आणि निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आमच्यापुढे तो प्रश्न ज्या पावलासाठी ठेवला गेला, ते काही आठवड्यांच्या प्लास्टरने सरळ होणारे होते, आणि प्रश्न ठेवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. माहितीअभावी चार दिवसांत आम्ही काहीही करून बसलो असतो, हे आठवले की आजही माझ्या हाताला घाम सुटतो.

आणखी एक गोष्ट त्याच चार दिवसांतली. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, सूर्यग्रहण होते आणि त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सुरीने फळे कापली होती. सासूबाईंना ते आठवले. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण रात्री देवापुढे बसून रडल्या. मलाही, पदवीधर असून, नोकरी करत असून, एकदा वाटून गेले की आपणच तर काही केले नाही ना. त्या संध्याकाळी एकट्या ठाणे जिल्ह्यात कितीतरी गर्भवती स्त्रियांनी भाजी चिरली असेल, फळे कापली असतील. क्लबफुटाचे नेमके कारण बहुतेक मुलांमध्ये सापडत नाही. घराण्यात आधी कोणाला असेल तर शक्यता वाढते, एवढे माहीत आहे. आईच्या हातून ग्रहणात काही कापले गेल्याने ते होत नाही. ही दोन वाक्ये डॉक्टरांच्या तोंडून आमच्या घरात चार दिवस आधी आली असती, तर एका म्हाताऱ्या बाईला देवापुढे तसे रडावे लागले नसते.

पंधरा मिनिटांत सांगता येण्यासारखे जे होते, ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी गोळा केले. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा सुमारे दुप्पट आढळतो. सुमारे निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. सोनोग्राफीत वाकडे वाटलेले पाऊल जन्मानंतर अगदी सरळ निघाले, असेही घडते. पोटातल्या बाळात असे पाऊल दिसले की पाठीचा कणा, मेंदू आणि हृदय पुन्हा बारकाईने पाहतात, कारण काही बाळांमध्ये ते दुसऱ्या एखाद्या आजाराचा भाग असते. बहुतेक बाळांमध्ये मात्र दोष फक्त पावलापुरता असतो. आमच्या अहवालात कणा आणि हृदय नीट असल्याचे लिहिलेले होते. त्या ओळींचे मोल आम्हाला कळले नाही. आमची नजर वाईट ओळीवरच खिळून राहिली.

मुलगा मे २०२३ मध्ये जन्मला आणि पाचव्या दिवशी आम्ही त्याला लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पाऊल हातात घेतले, हळूच दाबून पाहिले, आमचा जुना अहवाल वाचला आणि विचारले, "सोनोग्राफीतच दिसले होते ना? मग तेव्हाच का नाही आलात?" बाळ जन्मण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांना भेटता येते, हे आम्हाला त्या क्षणी पहिल्यांदा समजले. हे पत्र मी त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

कारण त्यानंतर जे सुरू झाले, त्यातला अर्धा उपचार डॉक्टरांच्या हातात होता आणि अर्धा आमच्या. आठव्या दिवशी पहिले प्लास्टर चढले. पावलाच्या बोटांपासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. दर आठवड्याला जुने काढायचे, पाऊल हातांनी थोडे आणखी बाहेर वळवायचे आणि नवे घालायचे, असे आमच्या मुलाच्या बाबतीत सहा वेळा झाले. मे महिन्यातला ठाणे-नवी मुंबईचा घामाचा उकाडा वाचकांना सांगायला नको. तान्ह्या बाळाला आंघोळ नाही, फक्त ओल्या फडक्याने अंग पुसायचे. लंगोट अशा बेताने बांधायचा की प्लास्टरची कड ओली होता कामा नये. दिवसातून अनेकदा बोटे तपासायची, दाबल्यावर पांढरी होऊन लगेच पुन्हा गुलाबी होतात की नाही ते पाहायचे. बोटे प्लास्टरच्या आत गेलेली दिसली तर प्लास्टर घसरले असे समजायचे आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचे. हे आम्हाला पहिल्या दिवशी घाईत सांगितले गेले. मी तेव्हा आठ दिवसांची बाळंतीण होते आणि त्यातले निम्मेही माझ्या डोक्यात शिरले नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री बोटे आत गेलेली दिसली, आणि "सकाळी बघू" म्हणून आम्ही थांबलो. सुदैवाने काही बिघडले नाही.

घरी बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी येणार होत्या. गेली तीस वर्षे त्यांनी आमच्या भागातली बाळे हाताळली आहेत. प्लास्टर पाहून त्या म्हणाल्या, "कशाला हे बांधलंत? तेल लावून रोज ओढला असता तर महिन्यात सरळ केला असता मी." त्यांनी असे पाय सरळ केलेले आहेत, यात शंका नाही. पोटात अवघडून राहिल्यामुळे काही बाळांची पावले फक्त मुडपलेली असतात. ती हाताने सहज सरळ होतात आणि मालिशीने, कधी आपोआपही, जागेवर येतात. क्लबफुटाचे पाऊल ताठर असते, हाताने सरळ होत नाही, आणि तेलाने ओढत बसले तर मोलाचे आठवडे वाया जातात. मावशींचा अनुभव खरा होता, तो दुसऱ्या पावलाचा होता. हा फरक मला त्यांना समजावून सांगता आला नाही, कारण तो मलाच कोणी सांगितला नव्हता. आमच्यात अबोला आला आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. बाळंतपणाआधी सवडीने बसून बोललो असतो, तर त्याच मावशींनी बाळाचे बाकीचे अंग किती मायेने पुसून दिले असते.

प्लास्टरच्या शेवटी टाचेमागची कंडरा सैल करतात. जागा बधिर करून बारीकसा छेद द्यायचा, काही मिनिटांचे काम. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर, आणि तेवढ्यात कंडरा लांब होऊन पुन्हा जुळून येते. दहापैकी आठ-नऊ बाळांना हे करावे लागते. आम्हाला ते कळले ते रांगेत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांकडून, आणि ते "टाचेची शीर कापतात" अशा शब्दांत. माझे यजमान बाळाला घेऊन उठलेच होते.

सगळ्यात अवघड भाग त्यानंतरचा. प्लास्टर संपले की बूट सुरू होतात. दोन बूट एका आडव्या दांडीला जोडलेले असतात. आमच्या मुलाचे उजवे पाऊल सत्तर अंश बाहेर आणि डावे, जे चांगले होते ते, चाळीस अंश. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास हे बूट घालायचे, त्यानंतर चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत. पहिल्या तीन रात्री तो थांबून थांबून रडत होता आणि आम्हीही त्याच्यासोबत जागे होतो. झोळीत दांडी अडकायची, पाळण्याच्या लाकडावर आपटायची. सासूबाईंनी जुन्या सुती साडीची पट्टी दांडीला गुंडाळून शिवली, तेव्हा तो आवाज थांबला. दोन्ही पाय एकत्र झाडायचे, हे त्याला चौथ्या दिवशी उमगले आणि मग रडणे ओसरले. टाच बुटात खाली टेकली आहे की नाही हे बुटाच्या मागच्या छिद्रातून पाहायचे, मोजा शिवणीशिवायचा हवा, कातडी लाल झाली तर पट्टा सैल करायचा की आवळायचा (सैल बुटात पाय घासून फोड येतात, म्हणून बहुधा आवळायचाच), अशा शेकडो बारीक गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो.

यात खरी गोम अशी आहे की बूट सुरू होतात तेव्हा पाऊल दिसायला अगदी सरळ झालेले असते. बारशाला न आलेली मंडळी गणपतीत घरी आली, त्यांनी पाय पाहिला आणि एकजात विचारले, "आता तर छान झालाय, मग कशाला बांधून ठेवता बिचाऱ्याला?" हा प्रश्न मायेपोटी येतो, आणि मुलाचे पाऊल पुन्हा वळण्याचे सगळ्यात मोठे कारण नेमके हेच आहे, की आई-वडील त्याला बळी पडून बूट सोडतात. दोष पुन्हा आला की पुन्हा प्लास्टर, कधी मोठी शस्त्रक्रिया. एका लग्नासाठी गावी गेलो असता मी स्वतः दोन रात्री बूट घातले नाहीत, चार माणसांत प्रश्न नकोत म्हणून. तिसऱ्या रात्री ते चढेनात, आणि तेव्हा माझे मलाच कळून चुकले.

संपादक महोदय, ज्या उपचाराचे यश घरातल्या माणसांवर इतके अवलंबून आहे, त्याची शिकवण आठ दिवसांच्या बाळंतिणीला रुग्णालयाच्या गर्दीत उभ्या-उभ्या देऊन कसे चालेल? सोनोग्राफीत दोष दिसला आणि बाळ जन्मले, यांच्यामधले आठवडे हाच शिकण्याचा काळ आहे. तेव्हा आईच्या अंगात बळ असते, वडिलांना रजा टाकायची नसते, आजी-आजोबांना सोबत नेता येते. कायद्याने मला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली आणि प्लास्टर व २३ तासांचे बूट जेमतेम त्यात बसले. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी मात्र कायद्याने अशी रजाच नाही. आठवड्याच्या प्रत्येक खेपेला ऐरोलीहून ठाण्याला, तिथे गाडी बदलून परळला, प्लास्टरमधल्या बाळाला घेऊन एकटीने जाणे मला शक्य नव्हते. माझ्या यजमानांनी कशाबशा अर्ध्या-अर्ध्या दिवसांच्या रजा काढल्या. आधी कळले असते तर आम्ही त्या जपून ठेवल्या असत्या.

शासनाने या विषयात काही केलेले नाही, असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार बाबींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि क्लबफूट त्या यादीत आहे. आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, अंगणवाड्यांत व शाळांत पथके जातात, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. हे सारे मोलाचे आहे, पण ते बाळाच्या जन्मापासून सुरू होते. आज निदान मात्र कितीतरी घरांत जन्माच्या चार-साडेचार महिने आधी होते आणि योजनेचे दार तेव्हा उघडलेले नसते.

माझी मागणी म्हणूनच छोटी आहे. सोनोग्राफीत बाळात दोष दिसला, की अहवालासोबत त्या दोषाचे मराठीत लिहिलेले एक पान मिळावे आणि त्यावर पुढच्या माणसाचा पत्ता असावा: ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईतल्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणत्या विभागात, बाळ जन्मण्यापूर्वीच आई-वडिलांनी जाऊन भेटायचे. भेट आठवड्याच्या आत मिळावी. ठाणे महापालिकेचे कळव्याचे रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरुळ व ऐरोलीची रुग्णालये यांनी एकत्र येऊन ही पाने तयार केली आणि खासगी सोनोग्राफी केंद्रांना दिली, तर खर्च छपाईपुरता आहे. डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण त्याच केंद्रात, त्याच टेबलावर, गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यासाठी प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म भरून, सह्या घेऊन ठेवला जातो आणि त्याची शिस्त सगळ्या केंद्रांनी अंगी बाणवली आहे. तिथे आणखी एक पान हाती देणे अशक्य नाही.

आमच्या मुलाचा दोष जिवावरचा नव्हता. प्लास्टर आठवडाभर उशिरा चढले असते तरी चालले असते. हृदयाच्या काही दोषांत तसे नसते. शरीराकडे आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या बाळाला जन्मानंतरचे पहिले काही तास-दिवस निर्णायक असतात आणि बाळंतपण कुठे करायचे, हेच आधी ठरवावे लागते. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला बाळाच्या हृदयात छिद्र असल्याचे सोनोग्राफीत कळले होते. आपल्या खारघरमध्ये लहान मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय आहे, हे त्यांना बाळ तीन आठवड्यांचे झाल्यावर, तेही दूधवाल्याकडून कळले. पत्ता नऊ-दहा स्थानकांवर होता.

माझा मुलगा या महिन्यात दोन वर्षांचा झाला. तो धावतो, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतो आणि रात्री साडेआठला सासूबाईंकडे स्वतःच बूट घेऊन जातो. टाच टेकली की नाही हे त्यांच्याइतके चोख आमच्या घरात कोणी पाहत नाही. त्याचे लहान झालेले तीन जोड आणि एक दांडी आम्ही धुऊन, पुसून ठेवले आहेत. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या घराला त्यांची गरज असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. बाळाच्या डॉक्टरांना माप आणि दांडीचा कोन दाखवूनच ते वापरावेत. माझे नाव कृपया छापू नये. आपल्या पायाची ही गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, ते पुढे मुलाने ठरवावे, असे आम्हा दोघांना वाटते.

आपली विश्वासू,
एक आई
ऐरोली, नवी मुंबई